पश्चिमेस

आमच्या स्वयंपाकघराची पश्चिमेकडची भिंत दोन घरांची मिळून एक आहे. अलीकडे आमची भांड्यांची मांडणी, मिसळणाचा डबा, पिण्याच्या पाण्याचा माठ. पलीकडे काय आहे ते गेली सत्तावीस वर्षं कोणी पाहिलेलं नव्हतं. चिखलीच्या जुन्या वस्तीत अशा जोडभिंती पुष्कळ आहेत. पन्हळाचं पाणी कोणाच्या बोळीत पडावं यावरून इथं दोन-दोन पिढ्यांचे अबोले झाले आहेत, आणि त्याच भिंतींतून विरजण, काड्यापेटी, तापलेल्या पोरासाठी औषधाची बाटली इकडून तिकडे गेलेली आहे.

२०२३ च्या श्रावणात एका रात्री पलीकडे धप्पकन आवाज झाला. धान्याचं पोतं पडावं तसा, जड आणि एकदाच. सकाळी मांडणी ओढून पाहिली तर भिंत खालपासून छातीपर्यंत ओली. हात लावला तसा पोपडा हातात आला आणि त्यामागून पांढऱ्या मातीचा ओघळ सुटला. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आमच्या गच्चीवरून पलीकडे वाकून पाहिलं आणि सांगितलं, माळवदाचे दोन खण खाली बसले आहेत, पावसाचं पाणी थेट भिंतीत उतरतंय. "आपल्या बाजूनं कितीबी सिमेंट थापा ताई, काही होत नाही. पलीकडून हात लावला पाहिजे. मालकाला इचारा."

मालकाला विचारा. एवढं साधं वाक्य. मी पस्तीसेक वर्षं शाळेत शिकवलं, 'चा-ची-चे' हे प्रत्यय फळ्यावर किती वेळा लिहिले असतील. घर कोणाचं? रामाचं. पण या घरापुढे तो प्रत्यय लावायला नाव काही सापडेना.

गल्लीत विचारलं तर प्रत्येकाकडे एक नाव होतं, आणि ते सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलत होतं. शाळकरी पोरं त्याला 'पडकं' म्हणत. चेंडू पडक्यात गेला की खेळ संपला. चाळिशी-पन्नाशीतली माणसं 'मास्तरांचं घर' म्हणत, कारण त्यांच्या लहानपणी तिथं एक शिक्षक भाड्यानं राहत. आणि रेणुकादेवीच्या देवळाच्या वाटेवर सकाळी काठी टेकत जाणारे, नव्वदीला आलेले एक आजोबा होते. ते थांबले, त्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते पोरायचं घर हाये बाई. पोरायच्या शाळंसाठी बापानं घेतलंतं. पोरं शिकली अन् गेली."

पोरायचं घर. मला ते नाव नवीन होतं. मी १९८५ साली लग्न होऊन इथं आले तेव्हा त्या घरात एक म्हाताऱ्या आजी एकट्या राहत. पांढरं लुगडं, हातात सदा सूप नाहीतर वाती. आमच्या त्या भिंतीत वीतभर झरोका होता. त्यातून मी कितीदा त्यांच्याकडून विरजण घेतलंय. त्यांचा हात आधी दिसायचा, मग वाटी, मग आवाज: "कोमट झालंय का दूध? नाहीतर फाटंल." १९८७ मध्ये त्या गेल्या. पुढे मास्तर राहायला आले, झरोका विटांनी बुजला, १९९६ मध्ये मास्तरही आपल्या घरी गेले, आणि दाराला कुलूप लागलं. आडनाव मला ठाऊक होतं. एक मुलगा नागपूरकडे, एक पुण्याकडे, एवढं ऐकून होते. पण ज्यांच्या विरजणावर माझं पहिलं दही लागलं त्या बाईंचं नाव काय, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्या 'आजी' होत्या. तेवढं पुरलं.

मास्तर आता बुलढाण्याला असतात. ऐकू कमी येतं, पण कागद जपायची सवय तशीच. भाड्याच्या मनिऑर्डरींच्या पावत्या त्यांनी दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. त्यावर नागपूरचा एक पत्ता. त्या पत्त्यावरून एक फोन, त्या फोनवरून दुसरा, असं करत महिनाभरात मी दोन्ही मुलांच्या घरांपर्यंत पोचले. दोघंही आता हयात नाहीत. पुढची पिढी नागपुरात, पुण्यात, एक नातू न्यू जर्सीला. सगळे नीट बोलले. कोणी टाळाटाळ केली नाही. नागपूरकरांना वाटत होतं की घर पुण्याच्या काकांकडे आहे, पुणेकरांना वाटत होतं की ते नागपूरच्या काकांकडे आहे. न्यू जर्सीच्या मुलानं विचारलं, "चिखली म्हणजे पिंपरी-चिंचवडजवळची का?" चिखली नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत, त्यात त्याची चूक नाही. 'चिखली, जिल्हा बुलढाणा' असं त्याला सांगताना माझा आवाज जरा चढला होता खरा.

कोणाच्याच ताब्यात नसलेलं घर कोणाच्या नावावर आहे, ते कागदाला विचारायचं ठरवलं. आपल्याकडे घराचा कागद म्हणजे एक कागद नसतो, हे तेव्हा नीट कळलं. नगरपालिकेच्या कराच्या नोंदीत एक नाव असतं. पण कराची पावती म्हणजे मालकी नव्हे, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. भूमी अभिलेखाच्या कार्यालयात दुसरी नोंद. तिला पुण्या-मुंबईकडे मिळकत पत्रिका म्हणतात, आमच्या विदर्भात आखीव पत्रिका. शीट नंबर, प्लॉट नंबर, चौरस मीटर, धारकाचं नाव, खाली फेरफार. आणि दुय्यम निबंधकाकडे झालेल्या दस्तांची सूची तिसरीच. ती आता घरबसल्या संगणकावरही पाहता येते, पण मुंबई सोडली तर २००२ पासूनचीच. त्याआधीचं पाहायचं तर जाडजूड पुस्तकं उघडायची. २००२ नंतर या घराचा काहीच व्यवहार नव्हता. विकलं नव्हतं, गहाण नव्हतं, वाटलं नव्हतं.

आखीव पत्रिकेवर आजींच्या यजमानांचं नाव निघालं. ते वारले १९६१ मध्ये. म्हणजे बासष्ट वर्षं हे घर एका दिवंगत माणसाच्या नावावर उभं होतं, आणि फेरफाराचा रकाना कोराच होता. त्या कोऱ्या रकान्याकडे मी पाहतच राहिले. आजी सव्वीस वर्षं त्याच घरात राहिल्या, तिथंच गेल्या. त्या रकान्यात त्या आल्या नाहीत.

मग एक दिवस आमच्याच घराचं खरेदीखत काढलं, मोजमापं ताडून पाहायला. लोखंडी पेटीत, सासूबाईंच्या शालूखाली, पिवळ्या फडक्यात. १९६४ सालचं. सासऱ्यांनी हे घर घेतलं तेव्हाचं. जुन्या दस्तात घर ओळखू येतं ते शेजाऱ्यांवरून. नकाशा नसला तरी चालेल, चतुःसीमा पाहिजेच. पूर्वेस सरकारी रस्ता. दक्षिणेस बोळ. उत्तरेस अमक्याचा वाडा. आणि पश्चिमेस, लेखनिकाच्या तिरप्या, सुबक अक्षरात: "मयत अमुक यांचे विधवेचे घर."

म्हणजे ज्या उत्तरासाठी मी बुलढाणा, नागपूर, पुणे धुंडाळलं त्याचा एक तुकडा माझ्याच पेटीत होता. पण नाव तिथंही नव्हतं. 'विधवेचे'. झरोक्यातून येणारा तो हात मला आठवला आणि कागद मी परत घडी करून ठेवला नाही, तसाच ओट्यावर राहू दिला.

माझी एक विद्यार्थिनी चिखलीच्या कोर्टात वकिली करते. सगळे कागद घेऊन तिच्याकडे गेले. तिनं म्हटलं, बाई, आधी वंशावळ काढा. मी शाळेत फळ्यावर काढायचे तशी नीट काढली. वर ते गृहस्थ, खाली दोन रेघा, दोन मुलगे, त्यांखाली त्यांची मुलं. तिनं कागद पाहिला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग पेनचं टोक दोन रेघांच्या मधल्या जागेवर ठेवून विचारलं, "बाई, यांना मुलगी नव्हती?"

मी सांगणार होते, नव्हती. आणि एकदम दिवाळी आठवली. १९८५ ची आणि ८६ ची. दोन्ही वेळा आजींकडे एक बाई येऊन पंधरा दिवस राहिल्या होत्या. अंगण सारवलं, माळवदावर चढून गवत उपटलं, आमच्याकडे झरोक्यातून अनारसे दिले. कामाची ती घाई पाहून मी त्यांना सून समजले होते. मुलगी माहेरी येते तेव्हा बसते, अशी माझी समजूत. चाळीस वर्षांनी तिची दुरुस्ती माझ्याच विद्यार्थिनीनं केली.

आणि वंशावळ काढताना रेघा मारणारा हात तर माझाच होता. कोणा जुन्या पटवाऱ्याचा नव्हता. आयुष्यभर मुलींना शिकवलेली बाई मी.

विद्यार्थिनीनं मग कायदा समजावला. बापानं स्वतः विकत घेतलेलं घर आणि मृत्यू १९६१ चा, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू. त्या दिवसापासून बायको, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचा सारखा हिस्सा. पुढे आई गेली, तिचा हिस्सा तिघांत आला. म्हणजे मुलीचा तिसरा हिस्सा. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना हक्क मिळाला असं आपण सरसकट म्हणतो; ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरतं. बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच होता. पण त्याच कायद्यात एक तेविसावं कलम होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती. भाऊ आपले हिस्से वेगळे करतील तेव्हाच. राहण्याचा हक्कही होता तो लग्न न झालेल्या, टाकलेल्या, किंवा विधवा झालेल्या मुलीला. हे कलम निघालं ९ सप्टेंबर २००५ ला. म्हणजे एकोणपन्नास वर्षं कायदा मुलीला सांगत होता की घर तुझंही आहे, पण आत्ता मागू नकोस.

त्या रात्री मला माझ्याच सहीची आठवण आली. माझं माहेर मेहकरचं. वडील गेल्यावर २००९ मध्ये भावानं हक्कसोड पत्र तयार करून आणलं. मी सही केली. कोणी हात धरला नव्हता, कोणी रागावलं नव्हतं. भाऊ आजही भाऊबीजेला येतो, साडी आणतो, माझ्या दुखण्याखुपण्याला पहिला धावतो. पण त्या दस्तात एक शब्द होता, 'राजीखुशीने'. निबंधकासमोर तो वाचून दाखवला तेव्हा मी मान हलवली. राजी होते, हे खरं. खुशी होती का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. सही करून बाहेर आले, भावाच्या गाडीवर मागे बसून घरी गेले, वहिनीनं पुरणपोळी केली होती. जेवताना सहज वर पाहिलं, तुळईला वडिलांनी माझ्या झोक्यासाठी ठोकलेली कडी होती. घास काही केल्या खाली उतरेना. वहिनीला वाटलं पुरण गोड कमी झालं.

मेहकरात कंचनीचा महाल आहे. पडका. आम्ही पोरं लहानपणी तिकडे जात असू. कवी ना. घ. देशपांडे मेहकरलाच वकिली करत. त्या महालाच्या नावाचा त्यांचा एक कवितासंग्रहही आहे. महाल कोणाचा, हा प्रश्न आम्हांला कधी पडलाच नाही, कारण उत्तर नावातच होतं. भिंती ढासळल्या, छत गेलं, तरी ते एका बाईचं घर राहिलं. आमच्या शेजारचं तसं नव्हतं. भिंती होत्या, बाई होती, नाव तेवढं 'पोरायचं'.

असं फक्त गरिबाघरी, आडगावी होतं असंही नाही. मुंबईत मलबार हिलवर महंमद अली जिनांचा बंगला आहे. क्लॉड बॅटली या वास्तुविशारदानं आखलेला, १९३६ मध्ये बांधून झालेला. फाळणीनंतर ब्रिटिश उपउच्चायुक्तांकडे होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सोडला, आणि मग बहुतेक बंदच. २००७ मध्ये दिना वाडिया मुंबई उच्च न्यायालयात गेल्या: मी त्यांची एकुलती मुलगी, घर माझं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं तोवर घर त्यांच्या हाती आलं नव्हतं. त्या घरामागे दोन देशांचं राजकारण आहे, आमच्या गल्लीतल्या घरामागे काहीच नाही. तरी बापाच्या बंद दारासमोर उभी असलेली म्हातारी मुलगी दोन्हीकडे तीच.

२०११ च्या जनगणनेनं देशात सुमारे अडीच कोटी घरं रिकामी मोजली. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत नव्वद लाख निघाली, आणि तिथं १ एप्रिल २०२४ पासून वारसांनी तीन वर्षांच्या आत नोंद करणं सक्तीचं झालं. मोजणीत घर येतं. त्या घरात कोणी पंधरा दिवस राहून अंगण सारवलं, ते कुठल्या मोजणीत येणार?

मुलगी शोधायची कशी, हा प्रश्न उरला. नागपूर-पुण्याला विचारलं तर "आत्या होत्या, हो, पण बरीच वर्षं संपर्क नाही" एवढंच. उत्तर आलं ते ध्यानीमनी नसताना. मार्चमध्ये मी आमच्या घराचा कर भरायला गेले होते. सहज शेजारच्या घराची थकबाकी किती म्हणून विचारलं. वाटलं होतं, मोठा आकडा असेल. खिडकीपलीकडच्या माणसानं पाहून सांगितलं, "थकबाकी नाही मॅडम. दरवर्षी मार्चमध्ये भरणा होतो."

पावती फाटते त्याच दिवंगत बापाच्या नावानं. भरतं कोण? एक तरुण मुलगा येतो, एवढंच कळलं. मी माझा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे ठेवला. आठ दिवसांनी फोन आला. तो मुलगा मेहकर फाट्यावरच्या एका कृषी सेवा केंद्रात कामाला होता. रोज माझ्यापासून दीड-दोन किलोमीटरवर. "आमच्या आजीचं माहेर आहे ते. ती दरवर्षी पैसे देते, मी भरतो."

ही आजी म्हणजे आक्का. त्या जाफराबाद तालुक्यात राहतात, चिखलीहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. वय त्र्याऐंशी. मी गेले तेव्हा ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या, आणि सुपाचा तो आवाज ऐकूनच मला आजी दिसल्या. मी कोण ते सांगितलं. त्या क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "विरजणवाली?"

मग त्या बोलत गेल्या. घर घेतलं १९४६ मध्ये. त्याचा मूळ दस्त त्यांच्याच पेटीत निघाला, सहाव्या जॉर्जच्या छापाचा मुद्रांक, मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातला. चिखली तेव्हापासून एका जागी आहे. राज्यं मात्र बदलत गेली, मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. बापाची शेती गावाकडे. मुलांना शिकवायचं म्हणून चिखलीत घर. आधी मुलांचं करायला म्हातारी आत्या होती, ती वारली. तेव्हा दहा वर्षांच्या आक्कांना गावाहून आणलं. शाळेतून काढून. दोन भावांच्या भाकरी, धुणं, पाणी. १९५८ मध्ये लग्न होईपर्यंत सात वर्षं त्या घरात चूल त्यांनीच पेटवली.

"भाऊ पाठ करायचे ना, ते मी भाकरी थापता थापता ऐकायची. थोरल्याचा भूगोल मला आजबी येतो," त्या म्हणाल्या, आणि खरंच सातपुड्यातून उगम पावणाऱ्या नद्या सांगू लागल्या. मी बाई म्हणून अनेक मुलींची पाठांतरं ऐकली. अशी ऐकली नव्हती.

त्यांच्या नातवानं आणखी एक कागद दाखवला. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात तहसिलींतली कोतवाल बुकं बाहेर निघाली. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. त्यात यानं आजीच्या जन्माची नोंद शोधून काढली होती. १९४१. बापाचं नाव, जात, तारीख. आणि अपत्याच्या रकान्यात 'मुलगी'. बस्स. आक्कांनी तो कागद लांब धरून पाहिला. "मीच ही," त्या म्हणाल्या.

कर का भरता, मी विचारलं. नाव तुमचं नाही, किल्ली तुमच्याकडे नाही, भाडं कधी तुम्हांला आलं नाही. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही असं वाटलं. सुपातला एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला. "मायनं सांगितलंतं, पट्टी चुकवू नको. पट्टी चुकली की घर सरकारजमा होतं." मग थोड्या वेळानं: "भावांकडं मागितलं नाही मी कधी. त्यांनीबी सही मागितली नाही. इसरले असतील."

त्या 'इसरले असतील'मध्ये राग नव्हता. मला तो हवा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. परत येताना एसटीत मी त्यांच्या वतीनं रागावून पाहिलं. जमलं नाही. राग येत होता तो माझ्या वंशावळीतल्या त्या दोन रेघांचा.

चैत्र पौर्णिमेला रेणुकादेवीच्या यात्रेला आक्का चिखलीत आल्या. गर्दीतून नातवाचा हात धरून आधी देवीला, मग आमच्या गल्लीत. दारासमोर उभ्या राहिल्या. कुलूप गंजून एकजीव झालं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. डाव्या हाताच्या बोळीत वळल्या, आमच्या दारातून थेट स्वयंपाकघरात आल्या, आणि मांडणीशेजारी भिंतीवर तळहात ठेवून सरकवत सरकवत एका जागी थांबल्या. "इथं होता झरोका." मी तिथं चाळीस वर्षं स्वयंपाक करते. मला ती जागा दोन वीत खाली वाटत होती. मिस्त्रीनं ठोकून पाहिलं. विटांचा पोकळ आवाज त्यांच्या हाताखालीच आला.

भिंत पलीकडून सावरायची, बसलेल्या खणांची माती काढायची, उरलेल्या माळवदावर नवी टाकायची, याला त्यांनी संमती दिली. माझी वकील विद्यार्थिनी येऊन बसली होती. तिनं सांगितलं, आक्का सहहिस्सेदार आहेत, घर वाचवण्यापुरती दुरुस्ती त्यांच्या शब्दावर करता येते. पुढची वारसनोंद सगळ्यांची नावं घालून रीतसर करू. नागपूर-पुण्यालाही कळवलं. ते म्हणाले, आत्यांचं असेल तसं. साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. आक्कांना अंगठा चालेल असं कोणीतरी म्हणालं, तर त्या जरा ताठ बसल्या. "चौथीपर्यंत गेल्ये मी." पेन हातात घेतलं. 'लिहून देणार' या शब्दांशी येऊन थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणतं नाव लिहू बाई? इथलं का तिथलं?"

मला उत्तर सुचेना. विद्यार्थिनी म्हणाली, "दोन्ही लिहा आजी." त्यांनी आधी माहेरचं लिहिलं. अक्षर मोठं, एकेक काना स्वतंत्र उभा. बापाच्या नावाशी आल्यावर हात थोडा रेंगाळला. मग 'ऊर्फ' न लिहिता खालच्या ओळीत सासरचं. मी बसल्या बसल्या विचारलं, "आक्का, आजींचं नाव काय होतं?" त्यांनी सांगितलं. ते मी खरेदीखताच्या फडक्यात एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे, आमच्या चतुःसीमेजवळ. इथं लिहीत नाही; ते त्यांच्या घरचं आहे.

आमच्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. माळवदाला पांढरीचीच माती लागते. ती पाणी पिऊन घट्ट बसते, काळी उन्हात भेगाळते. पडलेल्या घराची माती नव्या घराला चालते, म्हणून ती कोणी फेकत नाही. मिस्त्रीनं बसलेल्या दोन खणांची माती चाळून घेतली, तुराट्या आणि कुजलेली लाकडं वेगळी काढली, आणि कमी पडली तेवढी दोन ट्रॉली बाहेरून आणली. पैसे आक्कांनी नातवाबरोबर पाठवले, रुमालात बांधून. मी नको म्हटलं. तो म्हणाला, घ्या, नाहीतर आजी मला घरात घेणार नाही. मिरगाच्या आधी मातीचा थर चोपून झाला. मधोमध उजेडासाठीचं साणं होतं, त्यावर नवी काच बसवली. खाली उभं राहिलं की पहिल्यांदाच जमिनीवर चौकोनी ऊन पडलेलं दिसलं. चूल होती तिथली भिंत अजून काळी होती.

मिरग लागला. तीन दिवस नुसतेच ढग. चौथ्या रात्री अकराच्या सुमारास पाऊस आला, मोठ्या थेंबांचा, पत्रे वाजवणारा. मी उठून स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, मांडणीमागे हात घातला. भिंत कोरडी होती. तेवढ्यात फोन वाजला. जाफराबादकडून.

"पाऊस लागला का गं तिकडं?"

"लागला, आक्का."

पलीकडे पावसाचाच आवाज होता, त्यांच्या अंगणातला.

"गळतंय का?"